पोल कडक की रनअप कच्चा?

"सर, हा पोल फार कडक आहे. वाकतच नाही. जरा मऊ द्या ना."

फेब्रुवारीतली संध्याकाळ, पोल व्हॉल्टचा सराव. बोलणारी मुलगी बारावीतली, वजन ५४ किलो, आणि गेले चार महिने ३.२० मीटरवर अडकलेली. हातातल्या पोलवर लिहिलं होतं: ३.७० मीटर, ५७ किलो. म्हणजे पोलची लांबी आणि तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे ते. ती धावत यायची, पोल जमिनीतल्या खाचेत, म्हणजे बॉक्समध्ये टेकवायची, खांद्याला हिसका बसायचा आणि ती मॅटच्या अगदी तोंडाशी पडायची. दोनदा तर पोलसकट मागं, रनवेवरच उतरली. पाहणाऱ्या कुणालाही वाटलं असतं की बरोबर बोलतेय पोरगी.

सात आठवड्यांनी तीच मुलगी, तोच पोल. "सर, हा आता मऊ पडतोय. पुढचा देता?"

मधल्या काळात पोल बदलला नव्हता, तिचं वजनही वाढलं नव्हतं. बदलला होता रनअप, म्हणजे उडीआधीची धाव. पोल व्हॉल्टमध्ये 'कडक' आणि 'मऊ' हे शब्द आपण पोलला लावतो खरे, पण नव्वद टक्के वेळा ते धावण्याबद्दलच काही सांगत असतात. उंची अडकली की सगळ्यांचा हात आधी पोलच्या पिशवीकडं जातो. माझाही जायचा.

शिडी उभी करताना

पोल म्हणजे मोठी बेचकी, तो माणसाला वर फेकतो, असा एक समज आहे. पोलमध्ये स्वतःची ताकद काहीच नसते. तुम्ही जेवढं त्यात घालता तेवढंच तो परत देतो, किंबहुना थोडं कापूनच. बिनव्याजी खातं म्हणा.

त्यापेक्षा शिडी डोळ्यांसमोर आणा. लांब लाकडी शिडी उभी करायची असली की एक जण तिचं खालचं टोक पायानं दाबून धरतो आणि दुसरा वरचं टोक उचलत उचलत पुढं येतो. शिडी जितकी लांब तितकं ते काम अवघड. आता त्या शिडीच्या वरच्या टोकाला लटकलेला माणूस कल्पा. खाली दाबून धरणारा म्हणजे जमिनीतला बॉक्स, रनवेच्या पातळीपासून २० सेंटिमीटर खोल. लटकलेले आपण. आणि ही शिडी आपल्यासकट उभी करणारा दुसरा कुणी नाही, आपलाच धावण्याचा जोर. जोर पुरला तर आपण पलीकडं, नाही पुरला तर आलो त्याच वाटेनं परत.

शाळांच्या मैदानांवर याला अजून 'बांबू उडी' म्हणतात, आणि एकेकाळी तो खरोखरच बांबू होता. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमनं १९४२ मध्ये बांबूच्या पोलवर ४.७७ मीटर पार केले, आणि तो विक्रम पंधरा वर्षं कुणाला हलवता आला नाही. मग फायबरग्लासचे पोल आले. १९६१ मध्ये जॉर्ज डेव्हिसनं ४.८३ मीटरचा विक्रम केला, आणि १९६३ च्या ऑगस्टपर्यंत जॉन पेनेल ५.२० वर पोहोचला. दोन वर्षांत ३७ सेंटिमीटर! माणसं काही दोन वर्षांत एवढी दणकट झाली नव्हती.

मग काय झालं? फायबरग्लास वाकतो. वाकला की बॉक्सपासून हातापर्यंतचं सरळ अंतर कमी होतं, म्हणजे शिडी काही क्षणांपुरती आखूड होते. आखूड शिडी पटकन उभी राहते. ती उभी राहत आली की पोल पुन्हा सरळ होऊ लागतो आणि शिडी पुन्हा लांब होते, फक्त आता आपण तिच्यावर उलटे, पाय वर करून असतो. ताठ बांबूवर पकड, म्हणजे पोलच्या खालच्या टोकापासून वरच्या हातापर्यंतचं अंतर, चार मीटरच्या आसपास थांबायची. आजचे अव्वल पुरुष पाच मीटरच्या आसपास धरतात. वाकण्याचा मोठा फायदा हा आहे: जास्त वर धरता येतं. उसळी त्याच्या मागून येते.

आणि म्हणूनच 'किती मस्त वाकला!' ही मैदानावरची दाद मला नेहमी खटकते. वाकणं पोलचं काम आहे. आपलं काम शिडी उभी करण्याचं.

वेगाचा हिशेब

शिडी उभी करणारा जोर किती, हे काढायला आठवीचं गणित पुरतं. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, १९.६ नं भागा. जे येईल तेवढे मीटर तो वेग तुम्हाला वर चढवू शकतो. सात मीटर वेगाला अडीच मीटर. आठला ३.२७. नऊला ४.१३. दहाला ५.१०. यात शरीराच्या मध्याची सुरुवातीची उंची मिळवा, साधारण एक मीटर. हा हिशेब ढोबळ आहे. वाटेत काही जोर वाया जातो, आणि काही खेळाडू पोलवर स्वतःला ओढून, वर ढकलून भरून काढतो. पण चित्र कळतं.

वर्ग आहे, हे लक्षात घ्या. वेग थोडा वाढला की उंची त्याहून जास्त वाढते. स्वीडनच्या अर्मांड डुप्लांटिसनं सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत ६.३० मीटर पार केले. बॉक्सकडं येताना त्याचा वेग सेकंदाला १०.३ मीटरच्या घरात जातो, तोही हातात पाच मीटरहून लांब पोल घेऊन. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिकमध्ये तो गंमत म्हणून ४०० मीटर अडथळ्यांचा विश्वविक्रमवीर कार्स्टन वॉरहोमबरोबर शंभर मीटर धावला आणि १०.३७ सेकंदांत जिंकला. त्याच्या उडीची तारीफ सगळे करतात. माझ्या मते त्याची खरी करामत बार, म्हणजे ओलांडायची आडवी काठी, दिसायच्या आधीच, जमिनीवर संपलेली असते.

पण कुठला वेग? शंभर मीटरची वेळ इथं उपयोगाची नाही. बॉक्सपासून १० मीटर आणि ५ मीटरवर दोन शंकू ठेवा आणि त्या पाच मीटरांना किती वेळ लागतो ते बघा. पूर्वी याला महागडी यंत्रं लागायची, आता खिशातला फोन पुरतो. सेकंदाला २४० चित्रं टिपणारा स्लो मोशन लावायचा, फोन बाजूला स्टँडवर ठेवायचा आणि पहिल्या शंकूपासून दुसऱ्यापर्यंत चित्रं मोजायची.

आमच्या मुलीची आली १७८. म्हणजे ०.७४ सेकंद, वेग ६.७४. सात आठवड्यांनी आली १६८, म्हणजे ०.७० सेकंद, वेग ७.१४. फरक फक्त दहा चित्रांचा. डोळ्यांना दिसणारही नाही. वरच्या हिशेबात घाला: २.३२ चे झाले २.६०. दहा चित्रांत २८ सेंटिमीटर.

ही दहा चित्रं तिनं व्यायामशाळेत कमावली नाहीत. सात आठवड्यांत कुणाचे पाय इतके वेगवान होत नाहीत. ती आधीपासून तिच्याकडंच होती, रनअपमध्ये सांडत होती.

झेला आडवा धरून पाहा

पहिली गळती पोल धरण्यात होती.

आंबे उतरवायचा लांब झेला कधी एका टोकाला धरून आडवा नेला असेल तर पुढचं कळायला वेळ लागणार नाही. साडेचार मीटरचा, दोन किलोचा पोल घ्या. वरचा हात टोकापासून १५ सेंटिमीटरवर, दुसरा हात त्याच्या ६० सेंटिमीटर पुढं. पोल उभा असेल तर हातावर दोनच किलो. तोच आडवा केला की पोलचा मध्य पुढच्या हातापासून दीड मीटर लांब जातो. आता मागच्या हातानं पाच किलोंचा दाब खाली द्यावा लागतो आणि पुढच्या हातावर सात किलो येतात. दोन किलोची वस्तू, आणि हातावर सात!

हे सात किलो पुढं ओढतात. मग खेळाडू तोल सांभाळायला मागं रेलतो, गुडघे वर येईनासे होतात, पावलं जमिनीवर आपटू लागतात. यावर उपाय ताकदीचा नाही. सुरुवातीला पोल जवळजवळ उभा ठेवायचा आणि धावता धावता टोक हळूहळू खाली येऊ द्यायचं, असं की आडवं व्हायची वेळ आणि बॉक्समध्ये टेकवायची वेळ एकच यावी. नीट जमलं तर टोक खाली पडत असतं तेव्हा ते हाताला जड लागतच नाही, कारण पडणाऱ्या वस्तूला कुणी धरून ठेवलेलं नसतं. उलट शेवटच्या पावलांत ती पुढं खेचते आणि पावलांची गती आपोआप वाढते. आमची मुलगी पाचव्या पावलालाच पोल आडवा करून टाकायची आणि उरलेली सात पावलं तो जड झेला वाहत यायची. टोक लवकर खाली का आणतेस विचारलं तर म्हणाली, "बॉक्स चुकेल अशी भीती वाटते."

भीती खरीच असते. ती जायला रोज वीस-पंचवीस वेळा रनवेच्या बाजूला, बॉक्सशिवाय, नुसतं टोक सोडत धावण्याचा सराव लागतो. कंटाळवाणा आहे. दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

खोटं बोलणारी खूण

दुसरी गळती पावलांत होती, आणि ती शोधायला जास्त वेळ लागला.

उजव्या हाताचा खेळाडू डाव्या पायावर उडतो. पावलं मोजायची ती उलटी: शेवटची सहा म्हणजे सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. नवशिक्याला सहा किंवा आठ पावलं पुरतात. पुढं बारा, चौदा. अव्वल पुरुष अठरा-वीस पावलं धावतात. लांब रनअप म्हणजे जास्त वेग, असं सरळ गणित नाही. चौदाव्या पावलाला वेग उतरत असेल तर ती दोन पावलं नुसती दमछाक. शेवटच्या पाच मीटरांत वेग अजून चढता असेल तरच दोन पावलं वाढवायची, एवढा नियम मी पाळतो.

आता पाय कुठं पडायला हवा? उडीच्या क्षणी वरचा हात सरळ डोक्यावर आणि उडीचा पाय बरोबर त्या हाताखाली. ही जागा काढायला पायथागोरस पुरतो. आमच्या मुलीचा हात चवड्यांवर उभं राहून २.१० मीटर उंच जातो. त्यात बॉक्सची खोली २० सेंटिमीटर, झाले २.३० मीटर. पकड ३.५५ वर. काटकोन त्रिकोणाचा कर्ण ३.५५, उभी बाजू २.३०, तर तळ २.७० मीटर. बॉक्सच्या मागच्या भिंतीपासून २.७० मीटरवर तिचा पाय पडायला हवा. चार-पाच सेंटिमीटर इकडं-तिकडं चालतं.

पडत होता २.४० वर. म्हणजे तीस सेंटिमीटर आत. 'आत' पाय पडला की हात पायाच्या मागं राहतो. पोल टेकतो तेव्हा खेळाडूचे पाय पुढं गेलेले आणि हात मागं खेचलेले. शिडी पुढं ढकलण्याऐवजी आपणच तिला मागं ओढून धरतो. खांद्याला बसणारा तो हिसका म्हणजे हाच. पोल वाकणार कसा?

सोपा उपाय वाटतो: सुरुवातीची खूण तीस सेंटिमीटर मागं घे. घेतली. पाय पुन्हा २.४० वर. अजून वीस मागं. पाय २.४५ वर. इथं बरेच प्रशिक्षक मुलावर वैतागतात.

धावताना डोळे बॉक्सवर असतात, आणि शेवटच्या चार-पाच पावलांत आपण नकळत पावलं लहान-मोठी करून सवयीच्या जागी पोहोचतो. रस्ता ओलांडताना फुटपाथची पायरी आली की पाऊल जसं आपोआप जुळवून घेतो तसंच. म्हणजे उडीच्या जागेची खूण खोटं बोलते. चूक मागं कुठंतरी झालेली असते आणि इथं तिच्यावर रंग फासलेला असतो. खरं बोलते ती मधली खूण, शेवटच्या सहा पावलांच्या आधीची, जिथं डोळ्यांचं जुळवून घेणं अजून सुरू झालेलं नसतं.

मग मी रनवेच्या बाजूला टेप अंथरला, तिचा पाय निघाल्यापासून सहाव्या पावलाला कुठं पडतो ते बघत बसलो. आठ रनअप. १३.२०, १३.७०, १३.४५, १३.७५, १३.३०... अर्ध्या मीटरचा खेळ! तिचं मोकळं, न ताणलेलं पाऊल पावणेदोन मीटरचं. सहा पावलांचे झाले साडेदहा मीटर, अधिक उडीची जागा २.७०. म्हणजे मधली खूण हवी १३.२० वर. १३.७० वरून ती निघाली की राहिलेलं अंतर भरायला प्रत्येक पाऊल ताणावं लागायचं. ताणलेलं शेवटचं पाऊल शरीराच्या पुढं पडतं आणि ब्रेकसारखं लागतं. वेग जायचा तो तिथं. आणि मी खूण मागं घेत होतो, म्हणजे ताण आणखी वाढवत होतो.

मूळ कुठं? पहिल्या तीन पावलांत. ती कधी एक पाऊल चालून निघायची, कधी जागेवरून, कधी छोटी उडी घेऊन. सुरुवात बदलली की पुढचं सगळं बदलतं. आम्ही एवढंच ठरवलं: डावा पाय खुणेवर, पोल उभा, एक श्वास, आणि जागेवरून पहिलं पाऊल उजवं, दरवेळी सारखंच. खूण २१.६० वर कायम. दोन आठवडे बार लावलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात मधली पावलं १३.१० ते १३.३० च्या आत येऊ लागली, आणि उडीचा पाय, त्याच्याबद्दल एक शब्दही न बोलता, २.६५ वर गेला.

शेवटच्या तीन पावलांबद्दल एकच गोष्ट. हात वर न्यायला तिथून सुरुवात होते: कमरेपासून कानाजवळ, कानाजवळून डोक्यावर. पाय जमिनीवरून सुटायच्या आधी हात पूर्ण वर पोहोचलेला हवा. उशीर झाला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. युक्रेनच्या सेर्गेई बुबकानं पस्तीस वेळा विश्वविक्रम केला. त्याचा आणि त्याचे प्रशिक्षक विताली पेत्रोव यांचा आग्रह असा की पोलचं टोक बॉक्सच्या भिंतीला भिडायच्या आत पाय जमिनीवरून सुटलेला असावा, म्हणजे हिसका जमिनीवर बसतच नाही. आमच्यासारख्यांना ते जमणं कठीण, पण रोख त्या दिशेनं असला की २.७० चं २.४० होत नाही.

आता पोलकडं

पोलवर दोन आकडे मोठे असतात, लांबी आणि वजन. वजनाचा आकडा म्हणजे साधारण त्या वजनापर्यंतच्या माणसासाठी, पोलच्या वरच्या भागात, बहुतेक वरच्या १५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात धरल्यास. एका लांबीचे पोल पाच-पाच पौंडांच्या पायऱ्यांनी येतात, म्हणजे सव्वादोन किलो. तिसरा आकडा बारीक अक्षरात असतो, फ्लेक्स. पोल दोन्ही टोकांना टेकवून मध्ये ५० पौंडांचं वजन लटकवतात आणि तो किती सेंटिमीटर खाली येतो ते मोजतात. आकडा मोठा तर पोल मऊ. इथं हमखास गोंधळ होतो, कारण वजनाचा आकडा मोठा तर पोल कडक.

आपल्या वजनाखालच्या आकड्याचा पोल वापरू नये. अमेरिकेतल्या हायस्कूल स्पर्धांत तर तसा नियमच आहे. जागतिक स्पर्धांच्या नियमांत ही अट नाही, पोल कितीही लांबीचा आणि कुठल्याही पदार्थाचा चालतो, पण फायबरग्लास हवेत तुटताना ज्यानं एकदा पाहिलाय त्याला नियमाची गरज उरत नाही. स्पाइक्स घातलेला पाय पोलवर पडला, बारीक ओरखडा उठला की पुढं कधीतरी तिथूनच तो तुटतो. पोल जमिनीवर फेकणाऱ्या पोरांना मी ओरडतो ते यासाठी.

पण ५४ किलोच्या दोन मुलींना एकच पोल लागेल असं नाही. एक सेकंदाला ६.७ मीटरनं येते, दुसरी ७.४ नं. दुसरीला तोच पोल वेतासारखा लागणार. लेबलवर वजन लिहितात कारण वेग लिहिता येत नाही.

पकड ही तर फुकटची कळ आहे. हात सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर खाली घेतला की पोल साधारण दहा पौंडांनी कडक वागतो. पण त्याच वेळी शिडी आखूड होते, त्यामुळं उभी करायला सोपी. या दोन गोष्टी उलट दिशेच्या आहेत, आणि नवशिक्याच्या बाबतीत दुसरी जिंकते. म्हणून फेब्रुवारीत मी तिला मऊ पोल दिला नाही. हात ३.५५ वरून ३.४० वर आणायला लावला. पोल जेमतेम वाकायचा, पण ती मॅटवर सुखरूप पोहोचायची. ती रुसली. वरच्या पकडीत मान असतो, ते मलाही ठाऊक आहे.

वर धरून खाली उडणं हा मान महागात पडतो. बार ओलांडल्याची उंची घ्या, त्यातून पकड वजा २० सेंटिमीटर काढून टाका. पकड ३.५५, म्हणजे ३.३५. उडी ३.२०. ती आपल्या हाताच्याही पंधरा सेंटिमीटर खालून जात होती! बुबकाची पकड ५.१० धरली तर ४.९०, आणि त्यानं ६.१४ पार केले, म्हणजे सव्वा मीटर वर. आकडा उणे असेल तोवर पकड वाढवायची घाई नको, पोलवर उलटं व्हायचा सराव करा.

पोल कसा वागतोय ते मॅट सांगते. तोंडाशी पडलात, चढताना मध्येच थबकल्यासारखं झालं, पोल वाकला नाही: पोल आजच्या रनअपला जड आहे. आधी पाय आत पडला का बघा, मग हात खाली घ्या, मग पोल बदला. खोल, मागच्या कडेला पडलात, पोल खूप वाकला, चढतानाच बारला धडकलात, पोल सरळ व्हायच्या आत तुम्ही पलीकडं पोहोचलात: पोल मऊ पडतोय. हे लक्षण दोनदा सलग दिसलं आणि पाय जागेवर होता, तरच पुढचा पोल. एकदाच दिसलं तर कदाचित पाठीमागून वारा आला असेल.

तिच्याबाबतीत एप्रिलमध्ये हेच झालं. पाय २.६५ वर, चित्रं १६८, पकड पुन्हा ३.५५, आणि उतरत होती मॅटच्या मागच्या तृतीयांशात. तीन वेळा सलग.

पोल बदलण्याआधी आणखी एक फुकटची गोष्ट असते, ती म्हणजे बारची जागा. बॉक्सच्या मागच्या कडेपासून मॅटच्या दिशेनं शून्य ते ८० सेंटिमीटरपर्यंत बार कुठंही मागता येतो. खोल जाताय तर बार मागं सरकवा, पोलला सरळ व्हायला वेळ मिळतो. मात्र बार पुढं ओढून, म्हणजे शून्याकडं आणून उंची चोरायचा मोह नको. तशी उडी तुम्हाला मॅटच्या तोंडाशी आणते आणि समोर बॉक्स असतो.

दोन पोलांवर भागत नाही, हे पालकांना पटवणं हा वेगळाच प्रकार. चांगले पोल बहुतेक परदेशी बनावटीचे, महाग, आणि चार मीटरची नळी रेल्वेच्या डब्यात कुठं घालायची हा प्रश्न दर स्पर्धेला नव्यानं पडतो. पण मालिकेतला एक पोल नसला तर काय होतं ते २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जगानं पाहिलं. ब्राझीलच्या फाबियाना मुरेरचा एक पोल अंतिम फेरीत सापडेचना. ती अधिकाऱ्यांशी भांडली, शोधाशोध केली, शेवटी दुसऱ्या पोलवर उडाली आणि ४.६५ वर तिन्ही प्रयत्न हुकले. तीन वर्षांनी देगूमध्ये तीच मुरेर ४.८५ मारून जगज्जेती झाली. तिचं अंग बीजिंगलाही जागेवर होतं, मधली एक पायरी गायब होती.

तर एप्रिलमधली ती संध्याकाळ. मी तिला ३.७० चाच, ५९ किलोचा पोल काढून दिला. एकच पायरी. तिनं हात पाच सेंटिमीटर वर घ्यायचा का म्हणून विचारलं. नको म्हणालो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. पहिल्या उडीला पोल टेकला, वाकला, आणि ती मॅटच्या मधोमध पडली. बार ३.३५ वर होता, हललाही नाही.

पुढच्या आठवड्यात हात ३.६५ वर गेला. ती थेट जुन्या खुणेवर जाऊन उभी राहिली.

"थांब. कर्ण ३.६५ झाला, आता तळ किती?"

तिनं डोळे मिटून हिशेब केला. "दोन पॉइंट... त्र्याऐंशी?"

"मग खूण कुठं हवी?"

तिनं टेप उचलला, वाकून शून्य बॉक्सच्या कडेला धरलं आणि मला दुसरं टोक घेऊन मागं जायला सांगितलं.